कावळ्याशी भांडणारा इसम

ती घटना आठवली की आजही मला हसू आवरत नाही. सत्तरच्या दशकात मी नागपुरात सबइन्स्पेक्टर होतो. एका सकाळी शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका गोदामाच्या मॅनेजरचा फोन आला, "छपरावर वेडा चढलाय. कावळ्याशी भांडतोय."

हवालदाराला घेऊन पोचलो, तोवर हमालांनी इसमाला खाली उतरवलं होतं. वय पन्नाशीचं, डोक्याचा ताजा गोटा, हातात भाताची पत्रावळ. गोदामामागे खोली घेऊन राहणारा ट्रक ड्रायव्हर. बापाचा दहावा होता. घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही, म्हणून गडी पत्रावळ घेऊन परतला आणि छपरावर कावळे दिसताच वर चढला.

मला सगळं कळलं होतं, पण मॅनेजरचा डॉक्टर भाचा तिथं पाहुणा आला होता. बालपण आफ्रिकेत, शिक्षण विलायतेत. 'मनोरुग्ण, जिवाला धोका' असं त्यानं लिहूनच दिलं. असा दाखला हातात आल्यावर इसमाला परस्पर सोडता येत नाही, कोर्टापुढं न्यावं लागतं. आणि तिथून पागलखान्यात गेलेला गरीब माणूस केव्हा सुटेल, याचा भरवसा नसे. मी इसम आणि डॉक्टर, दोघांनाही ठाण्यात आणलं.

डॉक्टरनंच विचारायला सुरुवात केली. "तो कावळा कोण आहे?"

"माहा बाप."

डॉक्टरनं माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. "तो तुमच्याशी बोलतो?"

"नाई ना साहेब! बोलला असता तं मी काहून छपरावर चढलो असतो? त्याले काय पाह्यजे, तेच सांगून नाही राहिला!"

हवालदार तोंडावर टोपी धरून बाहेर पळाला.

मी विचारलं, "बापाच्या दहाव्याले एकटाच काहून गा? भाऊबंद कुठं हायेत?"

त्याची मान खाली गेली. "धाकला हाये हिंगण्याले. बोलचाल बंद हाये. त्याच्या लग्नात त्यानं मले मांडवात खुर्ची नाही देली."

"बाप काय म्हणे?"

"मरेवर एकच म्हणे, धाकल्याले बोलाव."

एवढं बोलला आणि हातातल्या पत्रावळीकडं पाहतच राहिला.

मी जीप हिंगण्याला पाठवली. धाकटा कारखान्याच्या कपड्यांतच आला. भावाचा गोटा पाहून दारातच थबकला. "दादा, बाप गेला अन् मले सांगतलं बी नाही गा?" त्यानं थोरल्याच्या छातीवर एक गुद्दा हाणला आणि त्याच छातीवर डोकं टेकून रडू लागला.

दोघांनी मिळून पत्रावळ ठाण्याच्या भिंतीवर ठेवली. कावळा आला, मान वाकडी करून बघू लागला. अख्खं ठाणं श्वास रोखून उभं.

"ये ना बाबा, ये लवकर!" कोणीतरी ओरडलं. वळून पाहतो तो डॉक्टर!

कावळा शिवला. डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या, मग ओशाळून दाखला परत मागून घेतला. जाताना म्हणाला, "मग खरा आजारी ओळखायचा कसा?"

"त्याच्याच माणसांना विचारायचं," मी म्हणालो.

हे मला पुढं नोकरीभर उपयोगी पडलं. एकदा एक बाई तरुण मुलाला घेऊन ठाण्यात आली. मुलगा देवाशी बोलायचा. शेजारी म्हणत होते, साधू झाला, पाया पडा. बाई म्हणाली, "देवाशी तं मी बी रोज बोलते, साहेब. पण हा झोपत नाही, जेवत नाही. आमच्यात असं कोणी करत नाही. माहा पोरगा बिमार हाये."

मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. जीप काढली आणि त्याला थेट इस्पितळात नेलं.