इम्पीने परत केलेला चाकू

आमच्या गावात चाकू करावा तर तावेत्ती लोहारानेच. पण बोलायची वेळ आली की गडी मुका. त्या काळी लग्नाच्या मुली कमरेला रिकामं म्यान बांधून चर्चला जायच्या. मुलाने त्यात आपला चाकू सरकवायचा. पुढच्या रविवारी चाकू परत आला, तर नकार समजायचा. तावेत्तीने माझ्या थोरल्या बहिणीच्या, इम्पीच्या, म्यानात चाकू घातला आणि आठवडाभर धड जेवला नाही.

रविवारी इम्पीने चाकू त्याच्या हातात ठेवला. बिचारा पांढराफटक पडला.

"अरे शहाण्या, मूठ स्वतःच्या पंजाच्या मापाने केलीस! जन्मभर मासे कोण साफ करणार, तू की मी? बारीक करून दे."

आमच्या बापाने हसत कमरेचा स्वतःचा चाकू काढून त्याला दिला. तावेत्ती तिथेच चर्चच्या पायरीवर बसून मूठ तासू लागला.