गाडीचं ठरू दे

ज्या शोरूममध्ये गाड्या विकल्या जातात तिथल्या माणसांना बोलायला वेळ नसतो. बाबांच्या शोरूममध्ये सगळ्यांकडे भरपूर वेळ आहे, त्यामुळे तिथे किस्से साठतात. धुळीसारखे. धूळ निदान रोज पुसतात, किस्से कोणी पुसत नाही.

ते माझ्या कानावर पडतात, कारण माझी शाळा मस्कतच्या वादी कबीरला आहे आणि घर पार दुसऱ्या टोकाला, माबेलाला. म्हणून शाळा सुटली की मी चालत शोरूमवर जाते, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या सोफ्याच्या कोपऱ्यात अभ्यास करते आणि संध्याकाळी बाबांबरोबर घरी जाते. मी फारशी बोलत नाही. मी तिथे आहे हे लोक विसरून जातात. एकदा तर एका गिऱ्हाइकाने माझ्या दप्तराकडे बोट दाखवून विचारलं, "ही बॅग कुठल्या मॉडेलबरोबर फ्री आहे?"

बाबा अमेरिकन गाड्या विकतात. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचं आधीच बरं चाललेलं नाही. एके काळी ती लांबलचक, बैठ्या, आलिशान सेडान बनवायची आणि मस्कतमधल्या मोठ्या लोकांच्या दारात त्याच उभ्या असायच्या म्हणे. मग तोटा व्हायला लागला आणि कंपनीने सेडान बंद केल्या. उरल्या उंच एसयूव्ही. त्या तर इथे सगळेच विकतात. आता वर्षभर शोरूममध्ये एकच विषय चालू आहे: कंपनीने पुन्हा मोठी सेडान काढावी की नाही?

अर्बाब, म्हणजे आमचे मालक, यांनी सरळ सांगून टाकलंय, "सेडान आली तर शोरूम राहील. नाही आली तर खलास."

खलास म्हणजे बाबांची नोकरी गेली, व्हिसा गेला आणि माझी दहावी अर्धी सोडून आम्ही पुण्याला परत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं तसं हसण्यासारखंच आहे.

*

एक ओमानी तरुण त्याच्या आजीला घेऊन एसयूव्ही बघायला आला. सगळ्यात उंच मॉडेल त्याच्या मनात भरलं होतं. आजी मात्र दाराशी उभी राहून आत चढायच्या जागेकडे नुसती बघत होती.

अशा वेळेसाठी बाबांनी एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. आई अजून ते शोधते. बाबांनी स्टूल मांडलं, नातवाने हात धरला. आजीने एक पाय वर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग ती अरबीत जोरात काहीतरी बोलली आणि सगळे ओमानी हसायला लागले. नातू लाल झाला.

आमचे सेल्स मॅनेजर सलीम अंकल. ते ओमानी आहेत, पण हिंदी बाबांपेक्षा चांगलं बोलतात. बाबांनी त्यांना विचारलं, "क्या बोली?"

"बोल रही है, ऊँट भी ऊँचा होता है। लेकिन वो बैठ तो जाता है!"

आजी वळली आणि थेट शोरूमच्या मधोमध ठेवलेल्या जुन्या सेडानमध्ये जाऊन बसली. मागच्या सीटवर, आरामात, पाय पसरून. म्हणाली, "ही घेऊ."

बाबांना सांगावं लागलं की ही शेवटची आहे, फक्त बघायला ठेवलेली. आता बनवत नाहीत.

आजीने विचारलं, "का? तुमच्या अमेरिकेत कोणाला आजी नसते का?"

*

बाबा स्वतः जुनी जपानी गाडी चालवतात. ती शोरूमच्या मागे, वर्कशॉपच्या भिंतीलगत लावतात. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून.

एकदा एका जाड मिशांच्या गिऱ्हाइकाने विचारलंच, "तू स्वतः कुठली गाडी चालवतोस?"

बाबा खोटं बोलत नाहीत. पण सेल्समन आहेत. ते म्हणाले, "सर, हीच. रोज. तुमच्यासारख्यांबरोबर टेस्ट ड्राइव्हला."

गिऱ्हाईक खूश झालं, हसत बाहेर गेलं आणि दोन मिनिटांनी परत आलं. "मागे माझ्या गाडीसमोर एक जुनी जपानी गाडी आडवी लावली आहे. कोणाची आहे ती?"

बाबा छताकडे बघायला लागले. तेवढ्यात वर्कशॉपचे सावंतकाका पुढे झाले. ते देवगडचे. त्यांनी बाबांच्या टेबलावरची किल्ली उचलली आणि शांतपणे म्हणाले, "माझी हा, साहेब. काढतंय."

ती गाडी सकाळपासून उन्हात तापत उभी होती. सावंतकाकांनी किल्ली फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली.

बाबांना नंतर तेच जास्त लागलं!

*

चारच्या चहाला रोज वाद होतो. सलीम अंकल म्हणतात, "अमरीकावालों को समझना चाहिए। बड़ा आदमी बड़ी गाड़ी से उतरता हुआ ही अच्छा लगता है।"

बाबांचंही तेच मत. ते म्हणतात, "उंच गाड्या सगळेच बनवतात. त्यात आपल्याला कोण विचारतो? जे आपल्याला येत होतं तेच करायला पाहिजे."

सावंतकाका बशीत चहा ओतून पितात आणि सगळ्यांचं होईपर्यंत काही बोलत नाहीत. मग एकदा बाबांना म्हणाले, "विनयभाऊ, व्हडली होडी बांधूक लाकूड कितीय गावात. समुद्र खयसून हाडतलास?"

मोठ्या होडीला लाकूड कितीही मिळेल, पण समुद्र कुठून आणणार, असं बाबांनी त्याचं हिंदी करून सलीम अंकलना सांगितलं. सलीम अंकलनी काचेतून मत्राह बंदराच्या दिशेला हात केला. "समंदर? समंदर तो यहीं है, सावंत!"

"असा ना," सावंतकाका म्हणाले. "पण त्यात सगळ्यो जपानच्यो होड्यो असत."

त्या दिवशी कोणी दुसरा कप घेतला नाही.

*

आमच्या घरात गेलं वर्षभर एक वाक्य चालू आहे. मिक्सर बिघडला, आई म्हणाली, "राहू दे, आधी गाडीचं ठरू दे." माझ्या खोलीचा पडदा फाटला, "गाडीचं ठरू दे." मी गणिताच्या क्लासचं विचारलं तेव्हाही तेच. मिक्सर बंद म्हणून चटणी खलबत्त्यात होते आणि ती जास्त चांगली लागते असं आम्ही तिघं एकमेकांना सांगतो.

आमच्या भिंतीपलीकडे देशमुख काकू राहतात. आमच्या भिंती पातळ आहेत.

एका शुक्रवारी आम्ही दार्सैतच्या कृष्ण मंदिरात गेलो होतो. आरती संपली आणि काकू गर्दीतून वाट काढत आईकडे आल्या. आईचा हात धरून म्हणाल्या, "अभिनंदन हं! इतके दिवस ऐकतेय. मोठी गाडी घेताय ना?"

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मूर्तीकडे बघितलं. आई म्हणाली, "अजून ठरायचंय."

"अहो, घेऊनच टाका! एवढा विचार करून करून तुमचे चेहरे बघा कसे उतरलेत," काकू म्हणाल्या. "गाडी काय, आज आहे उद्या नाही."

आई घरी येईपर्यंत हसत होती. माबेलाचा रस्ता लांब आहे. शेवटी शेवटी ती हसतेय की काय करतेय ते मागच्या सीटवरून मला नीट कळलं नाही.

*

मग एके दिवशी अमेरिकेहून कंपनीचे तीन पाहुणे आले. दोन उंच साहेब आणि एक त्यांच्याहून उंच मॅडम. गल्फमधल्या लोकांना मोठी सेडान खरंच हवी आहे का, हे त्यांना समोरासमोर विचारायचं होतं. त्यांच्याकडे नव्या गाडीची चित्रं होती. चित्रातली गाडी एवढी लांब होती की पडद्यावर एका वेळी मावत नव्हती.

बाबांनी आठवडाभर जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले होते. सगळे आले. पांढरे स्वच्छ कपडे, अत्तराचा वास, काहवा नावाची अरबी कॉफी, हलवा, खजूर. शोरूममध्ये एवढी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. सोफ्यावरची माझी जागासुद्धा गेली. मी सावंतकाकांजवळ दारात उभी राहिले.

मॅडम प्रत्येकाला विचारत होत्या, "आम्ही ही गाडी बनवली तर तुम्ही घ्याल?"

आणि प्रत्येक जण छातीवर हात ठेवून म्हणत होता, "इन्शाल्ला!"

एकानेही नाही म्हटलं नाही. एक गृहस्थ तर म्हणाले, "मी दोन घेईन. एक माझ्यासाठी, एक भावासाठी." मॅडमचा चेहरा फुलला. बाबांचाही. मला वाटलं, आता गणिताचा क्लास लागणार.

सगळे गेल्यावर बाबा खुर्च्या सरळ करत म्हणाले, "सलीमभाई, ये सब लोग सच में लेंगे ना?"

सलीम अंकल काहव्याचे रिकामे पेले गोळा करत होते. "विनय, मेहमान इतनी दूर से आया है। उसके मुँह पे ना कौन बोलेगा?"

बाबांनी आणखी एक खुर्ची सरळ केली. मग म्हणाले, "लेकिन वो एक तो दो लेनेवाला है!"

"वो तो मेरा मामू है."

*

आणि आता शुक्रवारचं सांगते.

पाहुणे निघायच्या आधी अर्बाबनी त्यांना निझवाजवळच्या आपल्या खजुराच्या बागेत बोलावलं होतं. स्टाफलाही घरच्यांसकट बोलावणं होतं. लांबच्या रस्त्याला आईला गाडी लागते, म्हणून ती आली नाही. गाड्या विकणाऱ्याच्या बायकोला गाडी लागते, हा किस्सा सलीम अंकल वेगळा सांगतात.

अर्बाबनी त्यांच्या घरची सेडान पाठवली होती. आमच्याच कंपनीची, पांढरी, चांगल्या दिवसांतली. पाहुणे हिच्यातून जाणार होते. बसल्यावर त्यांना आपोआप कळेल, असं बाबांचं म्हणणं. सकाळी लवकर येऊन त्यांनी ती स्वतः धुतली होती. सीटवरचा एकेक केस उचलला होता. सावंतकाकांनी एसी तपासून दिला होता. बाबांनी टाय लावला होता. हॉटेलच्या दाराशी ते सेडानचं मागचं दार उघडून उभे राहिले.

सेडानच्या पुढे आमची एसयूव्ही उभी होती, बाकीच्यांसाठी.

पाहुणे बाहेर आले. थोरल्या साहेबांनी सेडानच्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ब्यूटिफुल!" मॅडमनी फोटो काढला. मग बाबांना गाडीजवळ उभं करून बाबांचाही काढला. अर्बाब अदबीने म्हणाले, "प्लीज. तुम्हाला जी आवडेल ती."

आणि ते तिघंही चालत जाऊन एसयूव्हीत बसले.

आपसात बोलत बोलत बसले. कुठली घ्यावी असं एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. त्यांच्याबरोबर अर्बाबही बसले, पाहुण्यांना एकटं कसं सोडणार? सलीम अंकल स्टिअरिंगवर. एसयूव्ही भरली, बॅगांना जागा उरली नाही. थोरल्या साहेबांनी काच खाली करून बाबांना विचारलं, "बॅगा तुमच्या गाडीत मावतील?"

बाबा म्हणाले, "सगळ्या मावतील, सर."

सावंतकाकांनी आणि बाबांनी मिळून बॅगा डिकीत ठेवल्या. सगळ्या मावल्या. वर जागाही उरली.

"डिकी तरी आवडली म्हणूची," सावंतकाका मराठीत म्हणाले आणि वर्कशॉपच्या पिकअपकडे निघून गेले.

"यल्ला!" सलीम अंकलनी हात केला. एसयूव्ही निघाली, वळली, मोठ्या रस्त्याला लागली. बाबा अजून मागचं दार धरून उभे होते.

मी नेहमीसारखी पुढच्या दाराकडे गेले.

"पुढे नको," बाबा म्हणाले. "मागे बस."

मी मागे बसले. सीट एवढी मोठी होती की आम्ही तिघं आडवे झोपलो असतो. बाबांनी माझा फ्रॉक दारात अडकत नाही ना ते बघितलं आणि दार लोटलं. त्या गाडीचं दार आपटावं लागत नाही. ते आपलं आपण मिटतं.

बाबा पुढे येऊन बसले. टाय सरळ केला. आरसा हलवून हलवून त्यात मी दिसेन असा लावला.

"एसी बरा आहे ना, मॅडम?"

मला चांगलीच थंडी वाजत होती.

"एकदम बरा आहे," मी म्हणाले.