सुरेवाल्यासमोर मावशी

किनाऱ्यावरच्या नवापूरहून आमच्या बोईसरच्या कॉलनीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशींचं नाव मला आजही ठाऊक नाही. जिना चढतानाच त्या बोलायला लागतात आणि मी दार उघडेपर्यंत अर्धं बोलणं संपलेलं असतं. भाव कमी करा म्हटलं, की माझ्याशी न बोलता पापलेटालाच सांगतात, "चल बाबा, हितं तुझी किंमत नाय."

गावात छोटी सर्कस आली, तेव्हा चार वर्षांच्या मुक्ताला घेऊन मी गेले. शेजारच्याच खुर्चीवर मावशी! विदूषक पडला की त्या इतक्या मोठ्यानं हसायच्या, की तो त्यांच्यासमोर येऊन पुन्हा पडायचा.

मग एक मुलगी फळीला पाठ लावून उभी राहिली आणि एक माणूस तिच्या दोन्ही बाजूंना सुरे फेकू लागला. मुक्ता मला बिलगली.

"घाबरू नको, खोटे असतात ते," मी म्हटलं.

"खोटे नाय, बाय. मी रोज सुरी चालवते," म्हणत मावशी उठल्या, थेट रिंगणात शिरल्या आणि त्या मुलीला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आल्या. लोकांना तो खेळच वाटला. टाळ्या पडल्या.

गोंधळलेल्या सुरेवाल्यानं हातातला शेवटचा सुरा मोकळ्या फळीवर फेकला. तो बरोबर मधोमध, मुलगी उभी होती तिथेच रुतला.



मुलगी हळूच म्हणाली, "मौसी, अभी मेरा साइकिल का खेल है."

"सायकल कर," मावशी म्हणाल्या. "सुरा नाय करनेका."

रिंगणातून सुरेवाल्यानंही मान डोलावली.