जाम, पेरू आणि एक फुली

सहावे कार्ड पेरूचे होते. हिरवट-पिवळे फळ आणि शेजारी कापलेली गुलाबी फोड. दिव्याने ते पाहिले. कागदातूनच वास यावा तशा तिच्या नाकपुड्या किंचित फुलल्या आणि ती म्हणाली, "जाम."

उत्तरपत्रिकेत 'पेरू' छापलेले होते. मी फुली मारली.

त्याआधीचे कार्ड पातेल्याचे होते. त्याला ती "भगुनं" म्हणाली होती. तिथेही फुलीच होती. या वेळी मात्र तिने माझ्या पेनाकडे पाहिले. सातवे कार्ड गाईचे. दिव्या गप्प राहिली. आठवे चमच्याचे. गप्पच. विसाव्या कार्डापर्यंत तिच्या ओठांतून शब्द फुटला नाही. पायाच्या अंगठ्याने ती सतरंजीचा एक सुटलेला धागा तेवढा ओढत राहिली.

मी मुख्यसेविका आहे, म्हणजे माझ्या भागातल्या अंगणवाड्यांवर देखरेख करते. ताडकळसच्या पुढे, कापसाच्या शेतांना लागून असलेल्या एका वस्तीवर त्या दिवशी शब्दसंग्रहाची तपासणी होती. पद्धत साधी आहे. वीस चित्रे दाखवायची, मुलाने त्यांची नावे सांगायची. दहापेक्षा कमी नावे बरोबर आली, तर रेफरल फॉर्म भरायचा, म्हणजे मुलाला मोठ्या तपासणीसाठी परभणीला पाठवायचे. फॉर्मवर कारण आधीच छापलेले असते : 'भाषाविकासात विलंब'. साडेचार वर्षांच्या दिव्याची चार उत्तरे बरोबर होती.

फॉर्मवर पालकांची सही लागते. अंगणवाडीच्या सेविका सुमनताई यांनी दिव्याच्या आईला, रेखाला, वेचणीवरून बोलावून घेतले. ती कमरेला बांधलेल्या कापसाच्या ओटीसह तशीच धावत आली. बोटांवर बोंडांच्या टोकांचे ताजे ओरखडे होते. मी तिला सारे समजावून सांगितले. तिने त्यातला एकच शब्द ऐकला.

"विलंब म्हंजी मंद म्हणायलात का, मॅडम?"

तसे नाही, ही केवळ तपासणी आहे, असे मी म्हणाले.

"तुमी न्हाई म्हणता. पण कागदावर चढलं की गावात तेच नाव पडतंय. माझ्या जावंच्या पोराला असंच परभणीला नेलतं. तवापासून त्याला कुणी नावानं हाक मारंना." मग ती दिव्याकडे वळली. "घरी तर तोंड मिटंना तुझं. हितं काय झालं गं?"

दिव्या पुन्हा सतरंजीचा धागा ओढू लागली. मी पेनाचे टोपण काढले.

सुमनताईंनी अगदी मऊ आवाजात विचारले, "मॅडम, सही अर्ध्या तासानं घेतली तर चालंल का?"

मला अजून दोन अंगणवाड्या गाठायच्या होत्या. तरी मी हो म्हणाले. त्यांच्या आवाजात विनंती होती, पण शंका नव्हती.

त्यांनी माझीच कार्डे सतरंजीवर पसरली. प्रश्न मात्र उलटा केला.

"दिव्या, ये माय. पेरू कुठं हाय, दाव."

दिव्याचे बोट थेट पेरूवर गेले.

"पातेलं?"

बोट पातेल्यावर. गाय, चमचा, छत्री, कुलूप. वीसपैकी सतरा चित्रांवर बोट अचूक टेकले.

इथे थोडे समजावून सांगते. मुलाचे शब्द जणू दोन खिशांत असतात. एका खिशात ऐकून कळणारे शब्द, दुसऱ्यात स्वतः बोलताना वापरायचे. पहिला खिसा नेहमीच अधिक भरलेला असतो. आमची तपासणी दुसराच खिसा चाचपत होती आणि त्यातही छापील शब्द तेवढे मोजत होती. 'पेरू' दिव्याला ठाऊक होता. बोलताना तिने घरचा शब्द दिला, एवढेच.

सुमनताई तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी खुंटीवरची कापडी थैली काढली. तिच्यात मुलांनी घरून, रानातून आणलेल्या वस्तू असतात. डोळे मिटून हात घालायचा, बोटांना काय लागते ते सांगायचे. दिव्याने हात घातला आणि तिचा चेहरा सैल झाला.

"ही सरकी. हे बोंड, पण अजून उमललं न्हाई, कडक हाय. ही पऱ्हाटीची काडी. आन् ही कवडी."

"कवडी म्हणजे?" मी विचारले. मला खरोखरच ठाऊक नव्हते.

"किडकं बोंड असतंय की. त्यातला कापूस चिकटून बसतोय. फुलत न्हाई." तिने तो पिवळट, आखडलेला कापूस माझ्या तळहातावर ठेवला. "दाबून बघा."

मी दाबून पाहिला. ज्या पिकाला मी आयुष्यभर 'कापूस' या एका शब्दात गुंडाळत आले होते, त्याच्या बीला, बोंडाला, झाडाला या मुलीजवळ स्पर्शागणिक वेगळा शब्द होता. रेखा ओटीची गाठ सोडून खाली बसली. ती पहिल्यांदाच हसली.

मी सुमनताईंना त्यांची रीत विचारली. त्यांनी सांगितले, मूल जो शब्द घेऊन येते तो घरचा. पुस्तकातला शब्द म्हणजे त्याच्याकडे आलेला पाहुणा. मूल घरचा शब्द सांगते, मग सगळी पोरे मिळून त्याचा पाहुणा शोधतात. जाम, पाहुणा पेरू. भगुनं, पाहुणा पातेलं. चूक असे कुणाला म्हणायचेच नाही.

"पाव्हणा आला म्हणून घरच्याला भाईर काढतेत का, मॅडम?"

बारावीपर्यंत शिकलेल्या या बाईंनी जे इतक्या सहज बांधले होते, ते मी प्रशिक्षणांत जाड फायलींमधून शिकले होते आणि नेमके फुली मारताना विसरले होते. अधिक लाजिरवाणी गोष्ट अशी की परभणीच्या बाजारात दर हिवाळ्यात मी स्वतः 'एक किलो जाम द्या' असेच म्हणते.

मी बाहेर येऊन आमच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना फोन लावला. घडले ते सांगितले.

"मॅडम, चार म्हणजे चार. उत्तरपत्रिकेत दुसरा शब्द नाही."

"सर, तुम्ही याच जिल्ह्यातले, मानवतचे. घरी पेरूला काय म्हणता?"

"जाम."

"मग तुम्हालाही फुली."

मग त्यांनी विचारले, "शेऱ्याला जागा किती आहे?"

"दोन ओळी."

"दोन ओळींत लिहा. आणि तपासणी पुन्हा घ्या."

पुन्हा घेतली. कार्डे मी धरली, प्रश्न सुमनताईंनी विचारले : आधी घरचा शब्द, मग पाहुणा. दिव्याची सोळा उत्तरे बरोबर आली. रेफरल फॉर्म मी रेखासमोर फाडला. तिने तुकडे मागून घेतले आणि ओटीत टाकले. घरी दाखवायचे होते म्हणे.

निघताना दिव्या माझ्या पर्सचा बंद धरून उभी राहिली. तिला माझाही घरचा शब्द हवा होता. माझे माहेर साताऱ्याचे. आमच्या घरी पेरूला पेरूच म्हणतात, असे मी सांगितले.

तिने विचार केला. "म्हंजी तुमच्या घरी नुस्ता पाव्हणाच राहतो?"

रेखाने पदर तोंडाला लावला.

उत्तरपत्रिका वरून अजून जुनीच येते. प्रत्येक तपासणीआधी मी तिच्यावर पट्टीने एक जास्तीचा रकाना आखते आणि वर 'घरचा शब्द' असे लिहिते. आणि फुली मारायचीच झाली, तर मूल खोलीबाहेर गेल्यावर मारते. तोवर पेनाचे टोपण लावलेले असते.