काचेची चिलीम आणि आबांची टोपी

"सुनंदे, मनी टोपी कोठे शे?"

आबा गॅलरीतून ओरडत होते. टोपी तेव्हा स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्यात उकळत होती.

आबा म्हणजे माझे सासरे. वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीतला. त्या रविवारी चार वाजता सुरतेतल्या लिंबायतला आमच्या खानदेशी समाजाच्या मेळाव्यात त्यांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं. त्यासाठी त्यांनी अमळनेरहून खास टोपी शिवून आणली होती आणि पंधरा दिवस तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. सकाळी स्वतः निळीत बुडवून, खळ देऊन, घडी घालून दोरीवर चिमट्यात अडकवली होती. आता दुपारचे दोन वाजले होते आणि मी ती कालथ्याने ढवळत होतो.

मी पलसाण्याला एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, डाइंग मास्टर आहे. हायवेवरून ट्रक गेला तर नुसत्या ताडपत्रीकडे बघून आतल्या मालाचा शेड सांगतो. सुरतेतल्या निम्म्या साड्या माझ्या नजरेखालून रंगतात (उरलेल्या निम्म्यांचा रंग पहिल्या धुण्यात जातो, असं मी चारचौघांत सांगतो. खरं तर रंग जाणाऱ्याही माझ्याच). पण आबांना हे कधी पटलंच नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली. कुणी विचारलं, जावई काय करतात, की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"कपडा वल्ला करतस."

कपडा ओला करतात, एवढंच. पुढे कपड्याचं काय होतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी होती चिलीम. आबांनी उभी हयात सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका केमिकल कारखान्यात बॉयलर सांभाळला. मातीच्या चिलमी त्यांच्या हातून सटासट फुटायच्या, म्हणून निवृत्तीच्या दिवशी तिथल्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या फुंकणाऱ्या मित्राने त्यांना जाड काचेची चिलीम फुंकून दिली. आबांनी तिच्यावरून जेवढा हात फिरवला तेवढा नातवंडांवरूनही फिरवला नसेल. पण पंधरा वर्षांत तंबाखूचं कीट आत असं काही बसलं की ती काचेची आहे हे सांगावं लागे. एका झुरक्यासाठी आबांचे दोन्ही गाल आतून एकमेकांना भेटायचे आणि डोळे इतके बाहेर यायचे की मी खाली हात धरून उभा राहायचो.

त्या सकाळी आबा दाढी करायला गेले आणि सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ती चिलीम माझ्यासमोर आदळली. आज चार माणसांत जायचंय, ही खिशात असणार, नव्या सदऱ्याला वास मारणार, असं बरंच बोलली. ते सगळं मी पचवलं. पण शेवटी ती म्हणाली, "एवढे मास्टर म्हणवता, नळकांड्यातलं कीट तरी काढून दाखवा."

मग मात्र विषय घराण्याचा झाला.

आधी चिलीम कोमट पाण्यात घालून हळूहळू गरम केली (थंड काचेवर एकदम उकळतं पाणी ओतणारे लोक नंतर कचरा भरताना दिसतात). तासाभरात पाणी टपरीवरच्या चहासारखं झालं, कीट जागचं हललं नाही. मग लिंबू आणि सोडा. खूप फेस आला, वातावरण तयार झालं, कीट तिथंच. मग सुनंदाची केसातली पिन घातली. ती काळी होऊन बाहेर आली आणि पुन्हा कधी केसात गेली नाही.

अशा चिकट डांबराला खरा उतारा एकच, स्पिरिट. पण दारूबंदीच्या गुजरातेत मेडिकलवाल्याकडे स्पिरिट मागितलं की तो आधी तुमच्या तोंडाचा वास घेतो. तेवढ्यात माळ्यावरचा सॅनिटायझरचा कॅन आठवला. कोरोना गेला तरी सुनंदाने तो जपून ठेवला होता, परत आला तर असावा म्हणून. मी तो उतरवला. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. चिलमीत सॅनिटायझर ओतला आणि वर मूठभर जाडं मीठ. स्पिरिट कीट सैल करतं, मीठ ते खरवडतं. फक्त दोन्ही तोंडं बंद करून गदागदा हलवायचं.

खालच्या तोंडाला अंगठा लावला. वरच्या तोंडाला बोळा हवा होता. मान वळवायलाही सवड नव्हती, म्हणून मोकळ्या हाताने गॅलरीच्या दारातल्या दोरीवरून एक ओलसर पांढरं फडकं ओढलं आणि कोंबलं. बावीस वर्षांच्या नोकरीचा हा परिणाम. पांढरं कापड दिसलं की ते कुणाचं आहे हे माझ्या डोक्यात येत नाही, अजून रंगायचं राहिलंय एवढंच येतं.

दहा मिनिटं मी असा हललो की समोरच्या गॅलरीतल्या मंजूबेननी हात जोडून विचारलं, "भाई, माताजी आव्यां के शुं?"

चिलीम धुतली. काय सांगू! पाण्यासारखी लख्ख. तिच्यातून मला मंजूबेन दिसल्या, त्यांच्या मागचं कॅलेंडर दिसलं, त्यावरची तिथीही वाचता आली. मग मी विजयाने बोळा उलगडला. त्याला टोक होतं. दोन्हीकडे.

सुनंदाने टोपी माझ्या हातातून ओढून उजेडात धरली. टोपीच्या ऐन दर्शनी भागावर पुरीएवढा तपकिरी डाग होता. मी साबण लावला, पुन्हा सॅनिटायझर लावला, आणि पुरीची भाकरी झाली. दुकानात पळालो, तर मेळाव्यासाठी म्हाताऱ्यांनी सगळ्या टोप्या उचललेल्या. उरलेली एक टोपी शाळेच्या नाटकातल्या पोराची होती. आबांच्या डोक्यावर ती हंड्यावर वाटी ठेवल्यासारखी दिसली असती.

तेव्हा मी सुनंदाला मिलचा नियम सांगितला. डाग निघत नसेल तर सगळा माल डागाच्या रंगात काढायचा, म्हणजे डाग उरतच नाही.

"तुमच्या मिलमध्ये साड्यांना सासरे असतात का?" ती म्हणाली. पण दुधाचं पातेलं तिनेच पुढे केलं, आणि गॅलरीतल्या आबांना टोपी इस्त्रीत आहे असंही तिनेच सांगितलं.

चिलीम भिजवलेलं ते सकाळचं पाणी, त्यात चहापूड, रंग धरायला तुरटी आणि मंद आच. खोटं बोलत नाही, इतका एकसारखा शेड मला मिलमध्ये पहिल्या फटक्यात कधी मिळालेला नाही. इस्त्री फिरवून वाळवली, पांढऱ्या रुमालाने घासली, गरम पाण्याचा थेंब टाकला. जरा म्हणून रंग सुटेना. साड्यांच्या बाबतीत माझं अर्धं आयुष्य ज्यासाठी वाया गेलं ते एका टोपीला साधलं होतं.

साडेतीनला आबांसमोर आधी चिलीम ठेवली. त्यांनी ती डोळ्याला लावली, उजेडाकडे पाहिलं, मग तिच्यातूनच माझ्याकडे पाहिलं. मग मी टोपी ठेवली. आबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या तपकिरी झालेल्या बोटांकडे. शेवटी त्यांनी ती उचलली, डोक्यावर चढवली आणि जिना उतरले. लिंबायतपर्यंत रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून विचारलं, बिडी कोण ओढतंय.

स्टेजवर सत्काराचे म्हातारे ओळीने बसले होते. बगळ्यांच्या रांगेत एक घार बसावी तसे आमचे आबा. त्यांच्या दोन्ही बाजूंचे बगळे सारखे त्यांच्याकडे झुकत होते. एकाने तर डोळे मिटून टोपीजवळ नाक नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. डॉक्टरने त्याची तंबाखू बंद केली होती, असं नंतर कळलं.

अध्यक्ष शाल घेऊन आले. हातातला माईक चालूच होता, त्यामुळे त्यांचा खासगी प्रश्न सगळ्या सभागृहाने ऐकला.

"आबा, टोपीले काय व्हयनं?"

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. वाकून खुर्चीखाली काहीतरी शोधायला लागलो.

आबांनी टोपी काढली, आतून-बाहेरून पाहिली, सगळ्यांना दाखवली आणि पुन्हा नीट डोक्यावर बसवली. मग अठरा वर्षांत पहिल्यांदा, शे-दीडशे माणसांसमोर, माईकमध्ये म्हणाले, "मना जवाई डाइंग मास्टर शेतस."