दुसऱ्या बाजूवरची आरोळी

हॉस्पिटलच्या तळघरात, एक्स-रेच्या खोलीत, एक बाई गेली सव्वीस वर्षं लोकांना सांगते आहे, "श्वास घ्या. धरा. सोडा." तेही इतक्या हळू, की पेशंट श्वास धरायचं सोडून "काय म्हणालात?" विचारतात आणि फोटो हलतो. डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला कुजबुज म्हणतात. तिची काही तक्रार नाही.

या कुजबुजच्या घरी सहाशे बारा रेकॉर्डी आहेत. सगळ्या रॉकच्या, सगळ्या कुणी ना कुणी आधी वापरलेल्या. एका कव्हरवर चहाच्या कपाचा गोल, दुसऱ्यावर कुणाच्या तरी प्रेयसीचा फोन नंबर. रेकॉर्ड ती दोन तळहातांत कडेनं धरते, ट्यूबलाइटसमोर तिरपी करते आणि छातीची फिल्म वाचावी तशी वाचते. "इथे ड्रम बडवलेत. इथे ओरखडा आहे, पण वरवरचा. जगेल."

पण तिचा जीव अडकला होता तो सहाशे तेराव्या रेकॉर्डमध्ये. सतरा वर्षांची असताना ती घरी न सांगता एका बँडच्या कार्यक्रमाला गेली होती. चार पोरं, चौघांचे केस कमरेपर्यंत. शेवटच्या गाण्याआधी गायक थांबला, हॉल चिडीचूप झाला, आणि दोन हजार माणसांत एकच आवाज उठला, "जोरात!" तो हिचा. गायक हसला आणि गिटार अशी काही कडाडली की बोलायची सोय नाही. कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली, अवघ्या पाचशे प्रती. मग चौघे आपापसात भांडून चार दिशांना गेले आणि ती रेकॉर्ड पुन्हा कधी छापलीच गेली नाही.

घरात ही गोष्ट कुणाला पटायची नाही. सगळ्यात कमी ताईला. ताई म्हणजे मोठी बहीण, शाळेत गणित शिकवते, बोलते ती पुराव्यानिशी.

"त्या संध्याकाळी मी स्वतः तुला मैत्रिणीच्या दारात सोडलं होतं. अभ्यासाला."

"मी मागच्या दारानं सटकले ना!"

"तू? अगं, तुझ्या हाकेनं टॅक्सी थांबत नाही, मला ओरडावं लागतं. म्हणे दोन हजार माणसांत!"

चौतीस वर्षं हेच. कुजबुजला जगात दुसरं काही सिद्ध करायचं नव्हतं. ताईनं एकदा, फक्त एकदा म्हणावं, हो बाई, ती तूच.

शनिवारी दुपारी जुन्या रेकॉर्डींच्या दुकानदाराचा फोन आला. "बाई, एका घरातून खोका आलाय. पांढरं कव्हर, चार केसाळ डोकी. मी वेगळी काढून ठेवणार नाही हं, नियम तो नियम. आणि दातवाल्यालाही फोन केलाय."

त्या दुकानाचा नियम असा, की खोक्यातून जो आधी उचलेल त्याची रेकॉर्ड. पण एकदा हातातून सुटली की हक्क संपला. आणि दातवाला म्हणजे पलीकडच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. त्यानं याच नियमावर तिच्या सात रेकॉर्डी लांबवल्या होत्या.

शिफ्ट नुकतीच संपली होती. कुजबुज पळत सुटली. पहिल्या चौकात दम लागला, दुसऱ्यात गुडघे बोलायला लागले. 'एक्कावन्न म्हणजे एवढं वय का?' असं मनात म्हणत ती दुकानात घुसली, खोक्यात हात घातला आणि दातवाला दारात पोचायच्या आत पांढरं कव्हर छातीशी धरलं.

"बाई," दुकानदार डोळे विस्फारून म्हणाला, "लढाईवर निघालात का?"

तिनं खाली पाहिलं. शिशाचा अ‍ॅप्रन! शेवटचा पेशंट म्हणजे एक रडकं बाळ, त्याला धरून उभं राहताना किरणं अंगावर येऊ नयेत म्हणून चढवला होता, तो तसाच. पाच किलो.

दातवाल्याची कळी खुलली. "अहो, घामाघूम झालात की! काढा ते आधी. आणा, रेकॉर्ड मी धरतो, तुम्ही पट्टे सोडा."

"राहू द्या. थंडी वाजतेय मला," कुजबुज म्हणाली. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता.

"निदान उजेडात तरी बघून घ्या. मी बघतो हवं तर."

"डॉक्टर, लोकांचे दात बघा. यात माझा आवाज आहे."

पैसे तिनं एका हातानं दिले आणि तशीच, चिलखतासकट, घरी आली.

"हे काय घातलंयस?" ताईनं दार उघडलं.

"आधी बस."

दुसरी बाजू लावली. गाणी सरली, टाळ्या विरल्या, गायक बोलू लागला. "आता शेवटचं... टक्... आता शेवटचं... टक्... आता शेवटचं..."

सहाशे बारा रेकॉर्डी उजेडात तपासणारी ही बाई नेमकी हिला तपासायला विसरली होती. नेमक्या त्याच जागी ओरखडा.

"याचं शेवटचं काही होत नाही बाई," ताई म्हणाली.

कुजबुजनं पर्समधून एक नाणं काढलं. सुईच्या दांडीवर नाणं ठेवायचं, म्हणजे वजनानं सुई ओरखडा ओलांडते, पण रेकॉर्ड खरवडते. असं करणाऱ्यांशी कुजबुज बोलणं टाकायची. आज तिनं नाणं ठेवलंच. सुई कण्हली आणि पलीकडे गेली. शांतता. आणि मग तीरासारखं, "जोरात!"

कुजबुज उभ्या उभ्या नाचू लागली. पाच किलो शिसंही नाचू लागलं.

"हा कुणीतरी मुलगा आहे," ताई म्हणाली.

"मुलगा?"

"मिसरूड फुटलेला. स्पष्ट ऐकू येतंय."

कुजबुजनं सुई पुन्हा मागे ठेवली. ओरखडा गेला, शांतता आली, आणि या वेळी रेकॉर्डमधल्या पोरीबरोबर बेंबीच्या देठापासून ती स्वतः ओरडली. "जोरात!" दोन आवाज एकाच क्षणी सुटले आणि ते दोन आहेत हे कुणाला कळलं नसतं. खिडकीची काच झणझणली. खालच्या मजल्यावर काहीतरी पडलं.

ताईनं चष्मा काढला. मग पदरानं उगाचच पुसला.

"मागच्या दारानं गेलीस?"

"हो."

"मग मला का नाही नेलंस गं?"

कुजबुजनं सुई उचलली. तेवढ्यात बेल वाजली. खालचे काका धापा टाकत दारात उभे होते. "काय झालं? कोण ओरडलं?"

"ही," ताई म्हणाली, आणि तिनं दार सताड उघडलं. "माझी धाकटी. चौतीस वर्षांपूर्वी ओरडलीय, रेकॉर्डवर आहे. या आत, बसा. ए, लाव गं पुन्हा!"