फाईलला लावलेला कागद

बायकोसाठी मी बांगड्या आणल्या आणि त्या तिच्या हातात राहिल्या नाहीत. डोणगावच्या आमच्या नेहमीच्या कासारणीकडून आणल्या होत्या, हिरव्या काचेच्या, माप दोन-सहा. लग्नापासून तेच माप. सहाच घेतल्या, कारण डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचतात, त्या हातात काही घालायचं नसतं. उजव्या हातात तिने त्या घातल्या, भांडं उचलायला हात खाली केला आणि सगळ्या घसरून फरशीवर पडल्या. पाच फुटल्या. सहावी खिशात घालून मी तडक भांडायला निघालो. कचेरीत साहेबांपुढे माझा आवाज फुटत नाही, पण बाजारात मी वाघ असतो.

कासारणीने बांगडी दुसऱ्या दोन-सहाला लावून दाखवली. "माप बराबर हाये भाऊ. वहिनीचा हातच लहान झाला असन."

"हात कसा लहान होईल? वजन तेवढंच आहे तिचं."

"मंग मले काऊन विचारता? घरी जाऊन हात पाहा ना."

घरी जाऊन पाहिला. रोज दिसणारा हात, पण पाहिला असा मी कितीतरी दिवसांनी. मनगटाची हाडं वर आली होती. पोलक्याची बाही दंडावर नुसती लोंबत होती. कानशिलांपाशी खड्डे पडले होते.

खरं म्हणजे तिच्या पथ्याचा ठाणेदार मीच. किडनीच्या डॉक्टरांनी दिलेला आहाराचा कागद लॅमिनेट करून मी स्वयंपाकघरात चिकटवला होता. डाळ कमी, दूध कमी, भाजी उकडून पाणी फेकायचं. डाळ मी चमच्याने मोजून शिजवायचो. तिने वरण दुसऱ्यांदा मागितलं की तोंडाने काही न बोलता कागदाकडे बोट दाखवायचो. आठवड्यातून दोनदा मेहकरला डायलिसिस. तिथे होणारं वजन मी वहीत उतरवायचो. चार महिने काटा हलला नव्हता. एसटीत शेजारी बसणाऱ्या कोणालाही मी हे सांगत असे, जणू काटा मीच धरून ठेवला होता.

पुढच्या खेपेला मी आहाराच्या मॅडमना गाठलं. त्यांनी बायकोच्या दंडाला टेप लावली, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"काका, वजन तेवढंच आहे ते पाण्यामुळे. अंगातलं मांस गेलं, त्याच्या जागी पाणी साचलं. काट्याला त्यातलं काही कळत नाही. मावशी खातात काय?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरत गेला.

"डाळ इतकी कमी करायला कोणी सांगितलं?"

मी मोबाईलमध्ये त्या कागदाचा फोटो दाखवला.

"हा तर डायलिसिस सुरू व्हायच्या आधीचा. आता मशीन रक्त धुताना अंगातलं पोषणही थोडं वाहून नेतं, म्हणून यांना प्रथिनं जास्त लागतात. नवा कागद दिला होता ना आम्ही?"

मी छातीठोकपणे नाही म्हणालो आणि पुराव्यादाखल फाईल उघडली. नवा कागद फाईलमध्ये होता. नीट भोकं पाडून, क्रमाने लावलेला, कोपऱ्यात माझ्याच लाल अक्षरात मिळाल्याची तारीख. सव्वीस वर्षं कारकुनी केली. कागद फाईलला लागला की काम झालं, हे हाडात मुरलेलं. वाचायचा राहिला होता.

बायको खुर्चीवर पडून, डोळे मिटून ऐकत होती.

डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली. रक्तातली प्रथिनं वर आली नाहीत तर डायलिसिस चालू असताना शिरेतून पोषण द्यावं लागेल, किंवा नाकातून नळी घालावी लागेल. इतक्या अशक्त माणसाला साधा जंतुसंसर्गही झेपत नाही, हे ते हळू आवाजात बोलले. मला ते माईकवर सांगितल्यासारखं ऐकू आलं.

मॅडमनी रोज अंड्याचं पांढरं द्यायला सांगितलं. आमच्या घरात त्याआधी अंडं शिजलं नव्हतं. मला वाटलं, बायको नकार देईल.

"नाक दाबून गिळीन," ती म्हणाली, "पण नाकात नळी नोका घालू देऊ."

मी पहिली अंडी उकळायला ठेवली, ती फुटून पातेल्यात पांढऱ्या चिंध्या झाल्या. बलक मांजराला, पांढरं तिला. मुगाचं घट्ट वरण, पनीरचा तुकडा, डायलिसिसवाल्यांसाठीची प्रथिनांची पावडर, तीही घोटभर पाण्यात कालवून, कारण दिवसाचं पाणी मोजूनच होतं. पण भूक मेलेली. चार घास झाले की ती ताट सरकवायची. मी समोर बसून घास मोजायचो. सुट्टीच्या दुपारी तिचा डोळा लागला की दारात उभा राहून पदर वरखाली होतो का, ते पाहायचो. एकदा बराच वेळ होईना, म्हणून मी मुद्दाम वाटी पाडली. ती दचकून उठली आणि मला धांदरट म्हणाली. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

महिन्याने रिपोर्ट आला. थोडंसं वर. डॉक्टर म्हणाले, नळी सध्या नको, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू. 'सध्या' हा शब्द मी मेहकरच्या स्टँडपर्यंत बरोबर आणला. एसटीत बसल्यावर तिला विचारलं, "मी मोजून वाढायचो तेव्हा भूक लागत होती, तर नीट सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "तुम्ही चमच्यानं मोजून वाढत होते, अन् तोंड असं सुतकी करून. मले वाटलं, डॉक्टरनं तुमाले एकट्याले काही सांगितलं. माहे आता थोडेच दिवस राह्यले असतीन. मंग कायले विचारू? विचारलं असतं अन् तुम्ही हाव म्हटलं असतं तं? आता पोटभर वाढता, पण समोर बसून तसंच तोंड करता. घास नाही उतरत हो मले. उद्यापासून तुमचंही ताट घेऊन बसत जा."